ड्रॅगस्टरचे स्केल मॉडेल : नेमका कोणता क्षण घडवायचा?

रेषाकार

नमस्कार मंडळी. एमपीसीच्या जुन्या साच्यांतून राउंड टू या कंपनीने पुन्हा बाजारात आणलेले, डॉन गार्लिट्स यांच्या 'विन्स चार्जर' ड्रॅगस्टरचे (सरळ पट्टीवरच्या छोट्या अंतराच्या ड्रॅग शर्यतीतल्या गाडीचे) १/२५ प्रमाणातले किट मी सध्या बांधत आहे. इंजिन पुढे, चालक मागच्या आसाच्याही मागे, आणि या दोहोंना सांधणारा नळ्यांचा लांबलचक सांगाडा, अशी ही १९६०च्या दशकातली 'स्लिंगशॉट' रचना आहे. मुख्य जोडणी झाली असून आता तारा, नळ्या, रंग आणि झीज यांचे काम सुरू करायचे आहे. त्याआधी एका प्रश्नावर आपल्या सर्वांची मते हवी आहेत.

ड्रॅग शर्यतीची गाडी दिवसभर एका रूपात राहत नाही. पिटमध्ये (धावांच्या मधल्या दुरुस्तीच्या जागी) तिचे इंजिन उघडे पडलेले असते, प्रारंभरेषेवर टायर नुकतेच तापवून खरखरीत झालेले असतात, धाव संपल्यावर पॅराशूट मागे लोळत असतो, आणि पुढे काही वर्षांनी तीच गाडी संग्रहालयात पोचली तर ती मूळ शर्यतीच्या दिवशी कधीही नव्हती इतकी चकचकीत होते. आपण मॉडेल बांधतो तेव्हा या सगळ्या अवस्था नकळत एकत्र करतो. नवे कोरे टायर, तापून निळे पडलेले हेडर (इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या), नीट घडी घातलेला पॅराशूट आणि इंजिनावर तेलाचे ओघळ हे सारे एकाच गाडीवर एकाच वेळी कधीच दिसले नसते.

माझे मत असे आहे की बांधणाऱ्याने आधी एक क्षण निवडावा आणि मग प्रत्येक तपशील त्या क्षणाला विचारून ठरवावा. आपण काय करता? आणि या निवडीचा परिणाम तारा व नळ्या यांसारख्या कामांवर कितपत होतो?

तांबटआळी

उत्तम विषय. क्षणाचे नंतर पाहू, आधी सांगाड्याबद्दल लिहितो, कारण सांगाडा वाकडा असेल तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. जुन्या किटमधली प्लास्टिकची चौकट लांबीमुळे हमखास पिळवटलेली निघते. कोमट पाण्यात धरून ती सरळ करता येते, पण इंजिनाचा भार आला की काही महिन्यांत ती पुन्हा वाकते. मी ती चौकट केवळ माप घेण्यासाठी वापरतो आणि सांगाडा पितळी सळईतून नव्याने उभा करतो.

१/२५ प्रमाणात काम करणाऱ्यांना एक मोठी सोय आहे. २५.४ला २५ने भागले की जवळजवळ १ येतो, म्हणजे खऱ्या गाडीवरचा एक इंच आपल्या मॉडेलवर एक मिलिमीटर होतो. दीड इंच व्यासाची क्रोमोली (मिश्र पोलादाची) नळी दाखवायची असेल तर दीड मिलिमीटरची सळई घ्या. आजच्या टॉप फ्यूएल या सर्वांत वेगवान गटातल्या ड्रॅगस्टरच्या पुढच्या व मागच्या आसांतले अंतर ३०० इंच असते, म्हणजे मॉडेलवर ते साधारण ३० सेंटिमीटर भरते. गणित पाठ करण्याची गरजच उरत नाही.

सळया पाटावर आलेखाच्या कागदावर टाचून घ्याव्यात, सांध्याची जागा कानशीने किंचित खोलगट करावी म्हणजे एक नळी दुसरीवर बसते, राळ लावावी आणि मग डाग द्यावा, म्हणजे सोल्डर करावे. उष्णता सांध्याला द्यायची, सोल्डरला नाही. सोल्डर आपोआप आत ओढला जातो आणि सांधा इतका बारीक होतो की तो वेल्डिंगसारखा दिसतो.

यंत्रवेध

तांबटआळी यांनी सांगितलेली इंच-मिलिमीटरची सोय तारांनाही लागू पडते. स्पार्क प्लगची खरी तार सात ते आठ मिलिमीटर जाड असते, म्हणजे १/२५ प्रमाणात ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. बाजारात मिळणाऱ्या 'डिटेल' तारा बहुधा याहून जाड असतात आणि इंजिनावर त्या दोरखंडासारख्या दिसतात. जुन्या हेडफोनच्या वायरीतला एखादा पदर किंवा लहान मोटारीच्या गुंडाळीतली तार अधिक योग्य ठरते.

आता मुख्य मुद्दा असा की तारा कुठून कुठे जातात हे ठरवण्याआधी इंजिन कोणते आहे ते पाहावे. क्रायस्लरच्या जुन्या ३९२ हेमी इंजिनात डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक स्पार्क प्लगला वीज वाटणारा भाग) मागच्या बाजूला असतो, तर १९६४मध्ये आलेल्या ४२६ हेमीत तो पुढे असतो. शर्यतीच्या गाडीत त्या जागी सहसा मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच निर्माण करणारा भाग) बसवलेला असतो. स्लिंगशॉटमध्ये मागे असलेला मॅग्नेटो थेट चालकासमोर येतो आणि तारा ब्लोअरच्या (हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरच्या) दोन्ही बाजूंनी पुढे धावतात. पुढे असला तर त्या उलट दिशेने मागे येतात. अनेक सुंदर मॉडेलांत इंजिन एका पिढीचे आणि तारांची वाट दुसऱ्या पिढीची असते.

या दोन्ही इंजिनांचा प्रज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. चालकाच्या डाव्या हाताच्या रांगेत १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८ हे सिलिंडर येतात. मॅग्नेटोच्या टोपीवरून त्याच क्रमाने तारा काढल्या की त्यांचा जो गुंता होतो तो खऱ्या गाडीतल्या गुंत्यासारखाच दिसतो. नुसत्या डाव्या चार डावीकडे व उजव्या चार उजवीकडे टाकल्या तर तो फार नीटनेटका होतो आणि जाणकाराला लगेच कळतो.

चतकोर

प्रज्वलनक्रमाची नोंद वहीत उतरवून घेतली. धन्यवाद.

अबोली

रेषाकार, तुमच्या मूळ प्रश्नाशी मी पूर्ण सहमत नाही. मॉडेल म्हणजे छायाचित्र नव्हे, आणि एखादी गोष्ट हाताने घडवण्यातला आनंद केवळ पुराव्याच्या शिस्तीत बसवावा असे मला वाटत नाही. मी फनी कार बांधते. तिचे फायबरग्लासचे कवच वर उचलले की आतला सांगाडा व इंजिन दिसते, आणि बंद केले की रंग व डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) दिसतात. कवचाचा रंग मी नुकत्याच रंगवलेल्या गाडीसारखा आरसपानी ठेवते, आणि आतल्या यंत्रावर मात्र कामाच्या खुणा करते. पाहणाऱ्याला एकाच वस्तूत दोन गोष्टी मिळतात. यात काय बिघडते?

रंगाबद्दल एक सूचना करते. त्या काळच्या अनेक गाड्यांवर मेटल फ्लेक रंग होता, आणि आपण चमकीची भुकटी मिसळून तो करू पाहतो. पण ०.२ मिलिमीटरचा एक कण १/२५ प्रमाणात खऱ्या गाडीवरच्या ५ मिलिमीटरच्या कणाएवढा ठरतो. तसा रंग कोणत्याही गाडीवर नव्हता. त्याऐवजी अतिशय बारीक मोतिया भुकटी किंवा साधा चंदेरी थर द्यावा, आणि त्यावर पारदर्शक लाल अथवा निळ्या रंगाचे पातळ हात द्यावेत. प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो, म्हणून सगळे सुटे भाग एकाच बैठकीत आणि सारख्याच हातांनी रंगवावेत. एका भागावर एक हात जास्त झाला तरी तो वेगळ्या गाडीचा वाटतो.

रेषाकार

अबोलीताई, आपला मुद्दा योग्य आहे, पण मला वाटते की आपणही एक क्षण निवडलाच आहे. शर्यतीच्या मोसमाची पहिली सकाळ आपण घडवता. कवच नुकतेच रंगवून आलेले आहे आणि सांगाडा मात्र मागच्या मोसमातला आहे. अशा गाड्या प्रत्यक्षात होत्या, कारण नवा प्रायोजक आला की कवचाचा रंग बदलत असे आणि यंत्र तेच राहत असे. विसंगती दिसते ती एकाच भागावर दोन अवस्था एकत्र आल्यावर.

नवखा_सातारा

मी या विषयात नवा आहे. पाव मैलाची शर्यत काही सेकंदांत संपते, मग तिच्या गाडीत इतके तपशील येतात कुठून? आणि टॉप फ्यूएल व फनी कार यांत फरक काय?

इतिहासमित्र

नवखा, प्रश्न चांगला आहे. पाव मैल म्हणजे १,३२० फूट. १९७०च्या सुमारास टॉप फ्यूएल ड्रॅगस्टर हे अंतर साडेसहा ते सात सेकंदांत कापत असत. २००८मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउन येथे स्कॉट कलिटा यांचा अपघाती मृत्यू झाल्यानंतर टॉप फ्यूएल आणि फनी कार या दोन गटांसाठी अंतर १,००० फुटांवर आणले गेले. टॉप फ्यूएल गटातला ड्रॅगस्टर हा उघड्या सांगाड्याचा लांब, निमुळता प्रकार आहे. फनी कारचा सांगाडा आखूड असून त्यावर नेहमीच्या मोटारीची आठवण करून देणारे एकसंध कवच असते. डॉन निकोल्सन यांच्या १९६६च्या मर्क्युरी कॉमेटमध्ये नळ्यांच्या सांगाड्यावर उचलता येणारे फायबरग्लासचे कवच आले आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली.

तपशील येतात ते इंधनामुळे. या गाड्यांत जळणाऱ्या नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, तर नायट्रोमिथेनला सुमारे १.७ पुरतात. म्हणून त्याच इंजिनात कितीतरी अधिक इंधन ओतता येते. एवढे इंधन पोचवायला जाड नळ्या आणि मोठा पंप लागतो, हवा कोंबायला सुपरचार्जर लागतो, आणि एवढे सारे करून मिळालेली ताकद थांबवायला पॅराशूट लागतो. आपण जे डिटेलिंग करतो ते सारे या एका द्रवातून जन्मलेले आहे.

यंत्रवेध

इतिहासमित्र यांनी इंधनाचा विषय काढला आहे म्हणून नळ्यांची वाट सांगतो. स्लिंगशॉटमध्ये टाकी इंजिनाच्या पुढे, सांगाड्याच्या दोन नळ्यांमध्ये असते. तिथून जाड नळी इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पंपाकडे जाते, पंपातून इंजेक्टरवरच्या झडपेकडे, आणि तिथून बारीक नळ्या प्रत्येक नोझलकडे फुटतात. जादा इंधन परत टाकीत नेणारी एक वेगळी नळी असते, आणि मॉडेलांत नेमकी हीच राहून जाते. पुढे जाणारी व परतणारी, अशा दोन्ही नळ्या दिसल्या की इंजिन खरोखर चालेल असे वाटू लागते.

पुढच्या चाकांना ब्रेकच्या नळ्या लावू नका. त्या काळच्या बहुतेक स्लिंगशॉटना पुढे ब्रेक नसत. ब्रेक मागच्या आसावर असत आणि चालकाच्या हाताशी एक उभी दांडी असे.

गोदाकाठ

विणलेल्या पोलादी आवरणाच्या नळ्यांसाठी मी येवल्याहून आणलेली चंदेरी जर वापरून पाहिली आहे. रंग फार छान जुळतो आणि ती हवी तशी वळते.

तांबटआळी

गोदाकाठ, कल्पना सुंदर आहे, पण जरीची तार म्हणजे धाग्याभोवती एकाच दिशेने गुंडाळलेली चपटी पट्टी असते, आणि खऱ्या नळीवर मात्र उलटसुलट विणलेली जाळी असते. त्यामुळे जरीची तार जवळून स्प्रिंगसारखी दिसते. आखूड नळ्यांना ती चालेल. टाकीपासून पंपापर्यंतच्या लांब नळीसाठी बारीक विणलेली लवचीक चंदेरी दोरी अधिक बरी. शिवणसाहित्याच्या दुकानांत ती मिळते.

सरळ, कडक नळ्यांसाठी इंजेक्शनच्या सुया उत्तम ठरतात. १६ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास १.६५ मिलिमीटर असतो आणि २१ गेजची साधारण ०.८ मिलिमीटर भरते. मात्र त्या स्टेनलेस असल्यामुळे राळ लावून त्यांना डाग धरत नाही. त्या चिकटवाव्या लागतात. न वापरलेल्या सुया घ्याव्यात आणि टोक आधी घासून बोथट करावे.

सागरवेळ

मी गोव्यात राहतो आणि इथे पावसाळ्यात लॅकर रंग मारणे ही कठीण गोष्ट आहे. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि चकचकीत काळा रंग दुधाळ होतो. गार्लिट्स यांच्या गाड्या बहुतेक काळ्याच, त्यामुळे रेषाकार यांना याची काळजी घ्यावी लागेल. मी झाकणाच्या लाकडी पेटीत ४० वॅटचा बल्ब लावून भाग आधी कोरडे व कोमट करून घेतो, सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वापरतो आणि रंगवून झाल्यावर ते पुन्हा त्याच पेटीत ठेवतो. दुधाळपणा आलाच तर रिटार्डरचा अगदी हलका फवारा दिल्याने तो पुष्कळदा निघून जातो.

चतकोर

नागपूरच्या मे महिन्यात याच्या नेमके उलट होते. रंग भागापर्यंत पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथेही रिटार्डरच उपयोगी पडतो.

अबोली

जुन्या किटची डिकल पिवळी पडली असतील तर ती पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवावीत. काही दिवसांत कागदाचा व आवरणाचा पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात घालण्यापूर्वी त्यांवर पारदर्शक लॅकरचा एक पातळ हात द्यावा, नाहीतर जुनी डिकल पाण्यात तुकडे होऊन सुटतात. मग प्रत्येक चित्र कडेने जवळून कापून घ्यावे, कारण आता सगळ्या कागदावर एकच अखंड पापुद्रा झालेला असतो.

नवखा_सातारा

क्रोमचे भाग मात्र मला खेळण्यासारखे वाटतात. ते तसेच ठेवावेत का?

तांबटआळी

मुळीच ठेवू नयेत. किटमधला क्रोम म्हणजे निर्वात कक्षात चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो आणि तो ब्लोअरपासून हेडरपर्यंत सगळ्यांवर सारखाच चढवलेला असतो. खऱ्या गाडीवर ब्लोअर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, इंजेक्टर पॉलिश केलेला, हेडर क्रोमचे आणि इंजिनाचा ठोकळा रंगवलेला, असे चार वेगळे धातुरंग असतात. कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की तो पापुद्रा उतरतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही साफसफाईचे रसायन चुकूनही मिसळू नये. खाली गुळगुळीत वार्निशचा एक थर उरतो, तोही काढावा लागतो.

ज्या भागांना खरोखर क्रोम हवा त्यांना चकचकीत काळ्या रंगावर अ‍ॅल्क्लॅडसारख्या धातुरंगाचे विरळ फवारे द्यावेत. काळा थर जितका नितळ तितका आरसा चांगला येतो.

गोदाकाठ

टायरबद्दल सावध करतो. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर प्लास्टिकच्या रिमला वर्षानुवर्षे टेकून राहिले की व्हिनाइलमधला मऊपणा आणणारा द्रव झिरपतो आणि रिम अक्षरशः वितळते. दोन्हींच्या मध्ये नळकामाची पांढरी टेफ्लॉन पट्टी गुंडाळावी. ती बाहेरून दिसत नाही आणि रिम वाचते. किट न बांधता ठेवणार असाल तर टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.

दूरदेशी

धागा वाचून राहवले नाही. मी फ्लोरिडात राहतो. ओकाला येथे गार्लिट्स यांनी १९८४मध्ये उघडलेले ड्रॅग रेसिंगचे संग्रहालय आहे, आणि त्यांच्या 'स्वॉम्प रॅट' मालिकेतल्या अनेक गाड्या तिथे एकत्र पाहता येतात. मालिकेतली तिसावी गाडी स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली आहे. १९८६मध्ये ताशी २७० मैलांचा टप्पा ओलांडणारी तीच गाडी.

स्लिंगशॉटच्या शेजारी उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते, जी छायाचित्रांत कधीच जाणवत नाही. चालकाचे पाय मागच्या आसावरून पुढे जातात, आणि क्लच व गिअरची पेटी त्याच्या दोन पावलांच्या मध्ये असते. ८ मार्च १९७० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्स यांच्या गाडीतला ट्रान्समिशन फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी घडवली आणि १९७१मध्ये पोमोना येथील विंटरनॅशनल्स जिंकली. थोड्याच वर्षांत टॉप फ्यूएलमधून स्लिंगशॉट नाहीसे झाले. मॉडेलमध्ये चालकाच्या पायांची ती अरुंद जागा सहसा कोरी सोडली जाते. माझ्या मते त्या गाडीचा सर्वांत बोलका भाग तोच आहे. तिथे पेडल, जोडदांड्या आणि क्लचचे पोलादी आवरण नीट दाखवले तर त्या रचनेत बसणे किती धोक्याचे होते हे एकही अक्षर न लिहिता कळते.

रेषाकार यांच्या प्रश्नावर माझे उत्तर असे आहे की संग्रहालयातली गाडी संदर्भ म्हणून वापरावी, पण तिची नक्कल करू नये. दुरुस्त केलेल्या गाडीवर नव्या फिटिंग, नव्या नळ्या आणि पुन्हा काढलेली अक्षरे असतात. मापे संग्रहालयातून घ्या आणि अवस्था जुन्या छायाचित्रांतून घ्या.

इतिहासमित्र

दूरदेशी, फार मोलाची माहिती दिलीत. जुन्या छायाचित्रांचा काळ ओळखायला हेडरही मदत करतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते खाली व मागे वळलेले असत. मग वरच्या दिशेने जाणारे 'झूमी' आले, कारण त्यांतून निघणारा धूर व झोत मागच्या टायरवरून जाऊन तिथली हवा मोकळी करत असे. ख्रिसमस ट्री हा प्रारंभदर्शक दिव्यांचा खांबही १९६३पासूनचा आहे. त्याआधी झेंडा दाखवून गाड्या सोडल्या जात. डायोरामा (मॉडेलभोवतीचा देखावा) करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सागरवेळ

माझ्या मुलाकडे हॉट व्हील्सच्या गाड्या आहेत. त्यांचाही या खेळाशी काही संबंध आहे का?

इतिहासमित्र

थेट संबंध आहे. डॉन प्रुधोम उर्फ 'स्नेक' आणि टॉम मॅक्युएन उर्फ 'मंगूस' या दोन प्रतिस्पर्ध्यांना १९७०पासून मॅटेल कंपनीने हॉट व्हील्सच्या नावाने प्रायोजकत्व दिले. प्रुधोम यांची पिवळी प्लिमथ बॅराकुडा आणि मॅक्युएन यांची लाल डस्टर या फनी कार मुलांच्या हातात पोचल्या त्या तिथूनच. मुलाला मोठे झाल्यावर १/२५ची मंगूस बांधायला द्या.

अबोली

शर्ली मल्डाउनी यांचे नावही इथे यायला हवे. १९७७, १९८० आणि १९८२ अशा तीन वेळा त्या एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेच्या टॉप फ्यूएल विजेत्या ठरल्या आणि त्यांची गाडी गुलाबी होती. माझी पुढची गाडी तीच. गुलाबी रंगाखाली प्रायमर पांढरा हवा, करडा चालत नाही.

यंत्रवेध

मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण टायरचा विषय निघाला तेव्हाच हे लिहायचे होते. क्षणाची निवड सर्वांत स्पष्ट दिसते ती मागच्या टायरवर. या टायरमध्ये हवेचा दाब अत्यंत कमी असतो. गाडी उभी असताना तळ किंचित दबलेला असतो. गाडी सुटते त्या क्षणी टायरच्या बाजूंवर वळ्या पडतात आणि टायर बसका होतो. वेग वाढला की तोच टायर उंच व अरुंद होतो. म्हणजे वळ्या असलेला टायर दाखवला तर गाडी धावपट्टीवरच हवी, पुढची चाके हलकी झालेली हवीत आणि चालकही आत बसलेला हवा. रिकाम्या गाडीला वळ्यांचे टायर शोभत नाहीत.

उभ्या गाडीसाठी टायरचा तळ पॉलिश कागदावर घासून अगदी थोडा सपाट करावा. मग गाडी टेबलावर ठेवलेली न वाटता जमिनीवर उभी वाटते. टायरची टेकणारी बाजू बारीक सँडपेपरने आडवी न घासता चाकाच्या फिरण्याच्या दिशेने घासावी, म्हणजे व्हिनाइलची चकाकी जाऊन झिजलेला रबर दिसतो.

गोदाकाठ

आणि टायर झिजलेले दाखवले की त्यांच्या मागच्या भागावर रबराचे बारीक ठिपके यायलाच हवेत. जुन्या दातांच्या ब्रशने अगदी थोडा काळपट रंग उडवला की काम होते. पुढच्या निमुळत्या भागावर मात्र एकही ठिपका नको.

दूरदेशी

हेडरच्या निळसरपणाबद्दलही हेच. क्रोम तापतो तो इंजिनाच्या डोक्यापाशी. तिथे आधी गवती पिवळा, मग जांभळट, मग निळा अशी छटा येते आणि टोकाकडे ती फिकी होत जाते. संपूर्ण नळी निळी करू नये. नुकतेच नवे हेडर बसवलेली गाडी दाखवायची असेल तर काहीच करू नये.

रेषाकार

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर माझा निर्णय झाला आहे. मी पहिली धाव संपवून पिटमध्ये परत आलेली गाडी करणार आहे. ब्लोअरचा पट्टा काढलेला, स्पार्क प्लग तपासण्यासाठी एका बाजूच्या चार तारा सोडवून बाजूला ठेवलेल्या, टायर झिजलेले आणि मागे रबराचे ठिपके. यंत्रवेध यांनी सांगितलेला क्रम यामुळे उघड्यावर दिसेल, कारण सोडवलेली प्रत्येक तार आपल्या सिलिंडरपाशीच पडलेली असेल. दूरदेशी यांनी सुचवलेली पायांची जागाही पूर्ण करणार आहे.

अबोलीताई, आपला आग्रह मी अर्धा मान्य केला आहे. काळा रंग मी आरशासारखाच ठेवणार आहे, कारण हे संघ दोन धावांच्या मध्ये गाडी पुसून घेत असत.

आता एकच अडचण उरली आहे. धाव संपली असल्यामुळे पॅराशूट उघडलेला असणार. पिटमध्ये तो कसा दाखवावा?

अबोली

अर्धा तरी मान्य झाला याचा आनंद आहे. पॅराशूटसाठी टिश्यू पेपर वापरू नका, त्याच्या घड्या कडक येतात. जुन्या रेशमी अस्तराचा अगदी तलम तुकडा घ्या, त्याला पाणी मिसळलेला पांढरा डिंक लावा आणि ओला असतानाच हव्या तशा घड्या पाडा. सगळ्या दोऱ्या एकाच पट्ट्यात येऊन मिळतात आणि तो पट्टा सांगाड्याला जोडलेला असतो. खरा पट्टा तीन इंच रुंद धरलात तर तांबटआळी यांच्या हिशोबाने तुम्हाला तीन मिलिमीटरची फीत लागेल.

तांबटआळी

आणि तो पट्टा चिकटवण्याआधी सांगाड्याच्या मागच्या टोकाला पितळी कडी डाग देऊन घ्या. रंग दिल्यावर तिथे उष्णता देता येणार नाही.